तीन नंबरचा नोझल

काळुरामने पुडकं सोडलं आणि जीपच्या इंजिनात डिझेल फवारणारे चार नवे नोझल अंगणात फडक्यावर मांडले. जगन खुर्चीतून उठला नाही. बसल्या जागेवरूनच त्याने मान लांब केली.

"कंपनीचे नाय दिसत."

"कल्यानच्या बाजारातले हायेत, जावय. चांगले हायेत. माझ्या ट्रकला हेच होते."

"ट्रकला काय पन चालतं, मामा. ही आमची जीप हाय."

आमची म्हणजे काळुरामनेच लग्नात दिलेली. दिवाळीला याच जीपमधून जगनने शकूला माहेरी, इथे मोहने गावात, आणून सोडलं होतं. जीप धूर मारते, डिझेल पिते, आणि तुमच्या पोरीला कामाचा उरक नाही. गाडी आणि बायको एकाच तक्रारीत. आज तो कोपरीहून, आपल्या घरून, आला तो अंगणात पाय ठेवताच सांगून मोकळा झाला, की जीप नीट झाली तर शकूला नेतो, नाही तर राहू दे इथेच.

गोदाने लेकीची बॅग केव्हाच मागच्या सीटवर नेऊन ठेवली होती. आईच ती, तिला घाई होती. शकू ओट्यावर उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

गावात काळुरामचा दरारा होता. ट्रकवर आयुष्य काढलेला माणूस, भल्याभल्यांना एकेरीत झाडायचा. पण लग्न लागल्यापासून जगनला त्याने एकदाही नावाने हाक मारली नव्हती. 'जावय' म्हणायचा, आणि 'तुमी'. ते दोन शब्द उच्चारताना त्याच्या जबड्याला किती कष्ट पडतात हे फक्त गोदाला दिसायचं.

जुने नोझल निघाले. नव्यांच्या खाली तांब्याच्या नव्या चकत्या, म्हणजे वायसर, घालून काळुराम एकेक बसवू लागला. जगन आता खुर्ची सोडून त्याच्या मानेवर येऊन उभा राहिला होता. धूळ गेली आत. नट वाकडा लागला. आमच्या ठाण्याचा मिस्त्री असं करत नाही. तिसरा नोझल बसवताना काळुराम इतका कातावला होता, की आधी इंजिनच्या भोकात बोट फिरवून बघायचं राहूनच गेलं.

इंजिन चालू झालं, पण लंगडत. अख्खं बॉनेट थडथडत होतं.

"बोललो नवतो?" जगनला मनापासून आनंद झाला. "डुप्लिकेट!"

"तुमी गारीत बसा, जावय. जरा रेस धरा."

जगन बसला. काळुरामने चालू इंजिनवरच पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट सैल केला. डिझेल गळलं, इंजिनचा आवाज खाली बसला. त्याने नट आवळला. दुसरा सैल केला, तेच झालं. तिसरा सैल केला. इंजिन होतं तसंच थडथडत राहिलं. त्याने खात्रीला चौथाही बघितला आणि पुन्हा तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो तीन नंबर. सोरला तरी इंजिनला पत्ताच नाय."

जगन हसला. इंजिन बंद करून हसला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"आमच्या घरात पन तसाच हाय, मामा. तुमची पोर दिवालीपासून हितं हाय. माझ्या आयला इचारलं, तर आय बोलली, आपल्याला काय फरक परत नाय."

जावई हसला म्हणून गोदाही हसली. शकू हसली नाही. काळुरामला हातातल्या पान्याने जगनचं तोंड फोडावंसं वाटलं. अगदी खरंच वाटलं. त्याने पाना नोझलच्या नटावर ठेवला.

नोझल बाहेर आला. काळुरामने तार वाकवून भोकात घातली आणि आतून एक काळी, चेपलेली वायसर ओढून काढली. जुनी वायसर आत तशीच चिकटून होती आणि त्याने तिच्यावर नवी बसवली होती. नोझल खोल बसलाच नव्हता.

"माल चांगलाच हाय," तो म्हणाला. "चूक माझी झाली. खाली बघितला नाय मी."

या खेपेला इंजिन पहिल्याच चावीला उठलं. ना धूर, ना थडथड. चारही एका तालात चालत होते. जगनने चांगलं झालं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. त्याने आरशात बघून भांग सारखा केला आणि हॉर्न दाबला.

शकू हलली नाही.

त्याने पुन्हा दाबला, लांब.

"जा की गो," गोदाने तिला कोपराने ढोसलं.

"माझ्याबिगर फरक परत नाय ना तुमाला?" शकू ओट्यावरूनच बोलली. आवाज चढला नव्हता, पण इंजिनवरून ऐकू गेला. "मंग हॉर्न क्याला वाजवताव?"

"अगो, जावय हाय तो!" गोदाने कपाळावर हात मारला.

"मामा, सांगा हिला," जगन म्हणाला. त्याने सासऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासरा काय सांगणार ते त्याला ठाऊकच होतं.

काळुरामने बॉनेट लावलं. मागे जाऊन सीटवरची बॅग उचलली. तिच्यावर त्याची पाचही बोटं काळी उमटली. ती त्याने शकूच्या पायाशी नेऊन ठेवली आणि मग तो ड्रायव्हरच्या बाजूला आला.

"गारी नीट झाली, जगन," तो म्हणाला. "घेऊन जा तू."