थिजलेल्या मिठातली रेघ

वितळलेल्या मिठात बुडवलेल्या सळईवर युरेनियम जमू लागलं, की पडद्यावर विजेच्या प्रवाहाची रेघ संथ चालत राहते. बाळंतपणाच्या रजेवरून मी प्रयोगशाळेत परत आले आणि त्या रेघेत मधूनच एक लाट उठायला लागली. लाट उठली, की मला पान्हा फुटायचा. घरी फोन केला, की सासूबाई म्हणायच्या, "अगं, आत्ताच रडायला लागला! तुला कसं कळतं गं?"

हे मी कोणालाच सांगितलं नाही. लाट शमली, की बाळ शांत झालं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

आज भट्टी बंद होती. मीठ थिजून दगड झालं होतं. तरीही रेघ उठली, आणि खाली यायलाच तयार होईना.

"मॅडम, दगडातून कुठला करंट वाहतोय?" शेजारच्या टेबलावरचा कामत हसला. "यंत्राचं डोकं फिरलंय. बंद करू?"

"हात लावू नकोस," म्हणत मी घरी फोन लावला.

"आज नाही हं रडत," सासूबाई कौतुकाने कुजबुजल्या. "गारठा आहे ना, डोक्यावरून दुपट्यात गुंडाळलाय. हूं नाही की चूं नाही."

"आई, आधी त्याच्या तोंडावरचं दुपटं काढा!"

पलीकडे पाळण्याची कडी वाजली. मग नुसती शांतता. कामतने घाबरून सळईची वायर उपटली. रेघ चढतच राहिली.

मग फोनमधून त्याचा टाहो आला, आणि माझ्यासमोर ती रेघ, लेकराने खांद्यावर मान टाकावी तशी, हळूच खाली आली.