राहिलेल्या सेटिंग्ज

बाबांनी उमेदीच्या काळात लिहिलेला टर्मिनलवरचा टेक्स्ट एडिटर अजूनही कितीतरी लोक वापरत होते, पण त्याची माहितीपुस्तिका तेवढी राहून गेली होती. आता बाबांची दृष्टी गेली होती. "एवढी पुस्तिका पुरी करून दे, मग खुशाल जा," ते म्हणाले, म्हणून लेकीने दुसऱ्या शहरातली नोकरी पुढे ढकलली. बाबा खुर्चीत बसून एकेक सेटिंग सांगत आणि ती टाइप करत जाई. कोड उघडायची गरजच नव्हती, त्यांना सगळं तोंडपाठ होतं. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मजकुरातला हवा तो नमुना शोधायच्या सूत्रांच्या, प्रकरणाने तिला अगदी मेटाकुटीला आणलं. ते एकदाचं संपलं, तरी सेटिंग्ज काही संपेनात. रोज सकाळी चहा पिता पिता बाबांना एखादी नवीन आठवायचीच. शेवटी तिकडून निरोप आला, सोमवारी रुजू व्हा, नाहीतर राहू द्या.

आता घाई करणं भाग होतं. बाबांनीच शिकवलेलं एक एक्स्प्रेशन लिहून तिने कोडमधल्या साऱ्या सेटिंग्ज एका दमात शोधून काढल्या आणि पुस्तिकेशी ताडून पाहिल्या. मग ती बाबांकडे वळली.

"बाबा, गेला महिनाभर तुम्ही सांगताय त्या सेटिंग्ज कोडमध्ये नाहीतच. एकही नाही."

बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली.

"नाहीत होय?" ते हळूच म्हणाले. "मग त्या घालायला तुला किती दिवस लागतील गं?"