झापडं

"टेक्ससच्या माळावर हा एकटा प्रवासी मी स्वतः पाहिलाय," कोल्हापूरच्या प्रदर्शनात पाटणकर सर चित्राशेजारी उभे राहून सांगत होते. नुसत्या काळ्या शाईत रंगवलेला माळ, घोडा आणि स्वार. खाली सरांची ठसठशीत सही.

गर्दीत मागे उभी असलेली वैजयंता ऐकत होती. चित्र तिचं होतं. अकरा वर्षांपूर्वी चित्रकलेच्या वर्गात "भिकार आहे" म्हणून सरांनी ते ठेवून घेतलं, तेव्हापासून ती डूख धरून होती.

"सर, घोड्याच्या डोळ्यांना झापडं कसली हो?" तिने गोड आवाजात विचारलं.

सरांनी पहिल्यांदाच चित्र नीट पाहिलं. "तिकडे वाळू फार उडते ना!"

"अगंबाई! मला वाटलं, झापडं टांग्याच्याच घोड्याला बांधतात."

हशा पिकला. दारातला टांग्याचा घोडा पाहून चित्र काढताना झापडं वगळायचं तिला सुचलंच नव्हतं. ती चूक आज सोन्यासारखी कामी आली.

"आणि हा स्वार?"

"अस्सल अमेरिकन!" सर घाम पुसत म्हणाले.

"आबा, या आत," तिने बापाला हाक मारली.

म्हातारा टांगेवाला आत आला. चित्रातल्या स्वाराचंच बाकदार नाक, तोच फाटका कान. चित्रात स्वतःला न्याहाळत तो म्हणाला, "पोरी, झ्याक काढलायस की मला! पर खाली नाव दुसऱ्याचंच कसं गं?"

"सरांनाच विचारा की आबा. तुम्ही त्यांना टेक्ससमध्ये भेटलाय म्हणे."