मागचा डावा पाय

तपासनीस हातोडी घेऊन गाडीभोवती फिरत होता आणि वेल्डरबाईंचा सगळा जीव त्या हातोडीत अडकला होता. पुढचा उजवा पाय टणकन वाजला. पुढचा डावाही तसाच वाजला. मागचे दोन अजून बाकी होते, आणि त्यांतला डावा लटका होता.

ही गोष्ट त्या मैदानात बाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. डोंगरातल्या शर्यतीत धावणाऱ्या या ट्रकमध्ये जाड लोखंडी नळ्यांचा पिंजरा त्यांनीच बसवला होता. गाडी उलटलीच तर भार पिंजऱ्याने घ्यायचा आणि आतला माणूस वाचवायचा, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी त्याचे चारही पाय खालच्या चासीला, गाडीच्या मूळ लोखंडी सांगाड्याला, आवळलेले लागतात. नुसत्या पत्र्याला धरलेला पाय पहिल्या कोलांटीतच पत्रा फाडून वर येतो. मागच्या डाव्या पायाला बाईंनी आखूड बोल्ट घातले होते. वरून बघणाऱ्याला सगळं चोख दिसायचं, पण खाली ते चासीपर्यंत पोचतच नव्हते.

आणि ती गाडी चालवणार होता त्यांचा एकुलता एक मुलगा.

हेल्मेट काखोटीला मारून तो पलीकडे कुणाशी तरी हसत होता. बोटांना अजून लाल रंग चिकटलेला. काल संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून बाई लवकर घरी गेल्या, तेव्हा तो दारावर आपला नंबर रंगवत वर्कशॉपमध्येच थांबला होता. पोराच्या पायाला जन्मापासून भिंगरी. गेल्या वर्षी गाडी उलटून खांद्याचं हाड मोडलं, तर प्लास्टर निघायच्या आधीच तो पुढच्या शर्यतीचं बोलू लागला. बाईंनी सगळं करून पाहिलं. रागावल्या, अबोला धरला, दोन स्थळंसुद्धा आणली. त्या दोन्ही मुलींना तो ट्रक दाखवायला घेऊन गेला.

मागचे पाय बघायचे तर गाडीखाली आडवं व्हावं लागतं. तपासनीस गुडघ्यावर टेकला, आपल्या पोटाकडे पाहिलं, आणि गुडघा झटकून परत उभा राहिला. हातोडी त्याने खिशात टाकली.

"ताई, तुमच्या हातचा पिंजरा ठोकून बघायचा म्हणजे सुगरणीला मीठ विचारण्यासारखं आहे," तो म्हणाला आणि त्याने काचेवर हिरवी पट्टी चिकटवली. गाडी पास.

दुसरं कुणी असतं तर सुटलो म्हणालं असतं. बाईंचा मात्र डावच फसला. ती हातोडी त्या पायावर पडावी म्हणून त्या सकाळपासून देवाला विनवत होत्या. नापास गाडी धावत नाही. मुलगा चिडला असता, चार दिवस जेवला नसता, पण धडधाकट घरी असता. बाईंच्या नावाला जरा बट्टा लागला असता, तो त्यांनी सोसला असता. सगळा हिशेब केला होता, फक्त तेच नाव आडवं येईल हे ध्यानात आलं नव्हतं. काम देवाने केलेलं असलं तरी खाली वाकून बघायचं, हे बाई वर्कशॉपमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आल्या होत्या. तपासनिसालाही ऐकवलं होतं. नेमका आज तो वाकला नाही.

मुलगा गाडीत चढला. पट्टे आवळले. इंजिन गुरगुरलं आणि गाड्या रांगेत लावणाऱ्या माणसाने त्याला पुढे यायची खूण केली. बाई धावत गाडीच्या समोर गेल्या आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभ्या राहिल्या. गाडी बंद झाल्यावर त्या तपासनिसाकडे वळल्या.

"मागचा डावा पाय चासीला जोडलेला नाही. मीच सोडलाय. मुद्दाम."

रांगेतल्या निम्म्या गाड्यांचे पिंजरे बाईंनीच बसवलेले होते. ते ड्रायव्हर माना वळवून आपापल्या पिंजऱ्याकडे बघू लागले. आयुष्यभर कमावलेलं नाव बाईंच्या डोळ्यांदेखत मातीत चाललं होतं, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तपासनीस मुकाट्याने आडवा झाला, पोटासकट गाडीखाली गेला. टणकन आवाज आला. मग पुन्हा एकदा आला. धूळ झटकत तो बाहेर निघाला तेव्हा त्याचा चेहरा चमत्कारिक झाला होता. चारही पाय चासीलाच आहेत, म्हणाला, आणि ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?

बाई स्वतःच गाडीखाली सरपटल्या. आखूड बोल्ट गायब होते. त्यांच्या जागी लांब बोल्ट चासीतून आरपार आले होते, खाली जाड पट्टी होती, आणि नट शेवटपर्यंत आवळलेले होते. आवळलेला नट पुढे हलला तर कळावं म्हणून बाई प्रत्येक नटावर पांढरी रेघ मारत. या चार नटांवरच्या रेघा लाल होत्या, थोड्या वाकड्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगा खाली उतरून उभा होता. त्याने हात देऊन त्यांना उठवलं आणि त्यांच्या खांद्यावरची माती झाडू लागला.

"कधी बघितलंस?" बाईंनी विचारलं.

"काल. तू घरी गेल्यावर. खाली वाकून."

"मग मला बोलला का नाहीस?"

"चूक असती तर बोललो असतो," तो हळूच म्हणाला. "पण आई, तुझ्या हातून चूक होत नाही."