पंचांना न दिसलेलं बोट

भाषणाला उभा राहिल्यावर मोरेश्वर घरतला पहिल्या रांगेत हिराजी म्हात्रे दिसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

याच शाळेच्या मैदानावर, बावीस वर्षांपूर्वी, जिल्हा कबड्डीच्या अंतिम सामन्यात विरुद्ध संघाचा हिराजी शेवटची चढाई करत होता. त्याचं बोट मोरेश्वरच्या पायाच्या अंगठ्याला लागलं. पंचांना दिसलं नाही. अशा वेळी खेळाडूनं आपणहून हात वर करून बाहेर जाऊन बसायचं असतं. मोरेश्वर जागचा हलला नाही. त्याचा संघ एका गुणानं जिंकला. त्या विजयावर त्याला कंपनीच्या संघात नोकरी लागली, मग सिनेमे मिळाले, आणि आता नगराध्यक्षपदाचं तिकीट.

“शेठ, बोला ना,” मागून कार्यकर्ता कुजबुजला.

“बंधू-भगिनींनो,” मोरेश्वर पुटपुटला. हातातल्या कागदावर पुढचं वाक्य होतं, ‘मी मैदानात कधी खोटं खेळलो नाही.’ तेवढ्यात हिराजी उठून उभा राहिला. मोरेश्वरला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर सांगणार.

“मोरू, जरा मोठ्यानं बोल,” हिराजी म्हणाला. “मागं बायका बसल्यात, त्यांना ऐकू जात नाही.” आणि तो खाली बसला.

मोरेश्वरनं कागद घडी करून खिशात घातला आणि उजवा हात वर केला. लोकांना वाटलं, शेठ अभिवादन करतायत; टाळ्या वाजल्या. हात तसाच ठेवून तो व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला आणि पहिल्या रांगेपाशी येऊन थांबला. टाळ्या विरल्या.

“बावीस वर्षं लावलीस,” हिराजी म्हणाला आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून त्यानं मांडीवर घेतली.