तेहतीसवरून हलवू नये

"पोस्ट-रॉक म्हणजे प्रोग्रेसिव्ह नव्हे. विषय संपला," बद्रीनाथ म्हणाले. विषय गेले कित्येक रविवार असाच संपत होता.

शरच्चंद्रांच्या हॉलमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक श्रोते मंडळाची सभा भरली होती. मंडळ म्हणजे पाच-सहा पिकलेली डोकी, एक रेकॉर्ड प्लेअर आणि कुलूप लावलेलं एक कपाट. कपाटात फक्त प्रोग्रेसिव्ह. आज प्रश्न अध्यक्षांच्याच मुलीचा होता. तनयाच्या बँडची पहिली रेकॉर्ड आली होती, आणि बँड वाजवतो पोस्ट-रॉक. ती कपाटात जाणार की नाही, हे ठरायचं होतं. बँड निघाल्यापासून शरच्चंद्रांनी लेकीचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. "आधी मंडळ काय म्हणतं बघू," हे त्यांचं उत्तर. सख्ख्या मुलीला!

"अहो, प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढे जाणारं," प्राध्यापक अवधूत म्हणाले. "मग हे पुढेच गेलंय की. शब्द सोडले, लांबलचक सोलो सोडले..."

"सोडलं काय ते सांगताय. धरलंय काय? ताल बदलत नाही, गोष्ट नाही. एक सूर धरायचा आणि आवाज वाढवत न्यायचा. तेवढं आमचा मिक्सरही करतो." बद्रीनाथांचं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं, त्यामुळे मिक्सरच्या बाबतीत कोणी त्यांच्याशी वाद घालत नसे.

तनया दाराजवळच्या स्टुलावर बसून नखं खात होती.

"ऐकू आणि ठरवू," शरच्चंद्र म्हणाले. त्यांनी रेकॉर्डच्या मधल्या लेबलावर भोक पाडलेला गोल कागद ठेवला. नाव बघितलं की माणूस आधीच मान डोलवतो, म्हणून लेबल झाकायचं, असा नियम. रेकॉर्ड कोणाची आहे हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी कागद ठेवला.

प्लेअरला वेगाचं बटण होतं, मिनिटाला तेहतीस फेरे किंवा पंचेचाळीस. मंडळाच्या साऱ्या रेकॉर्डी तेहतीसवर चालायच्या. म्हणून बटणावर अध्यक्षांच्या सुवाच्य अक्षरात चिकटपट्टी होती: 'तेहतीसवरून हलवू नये.'

सुई टेकली आणि तनया ताडकन उठली. "बाबा, अरे..."

शरच्चंद्रांनी ओठांवर बोट ठेवलं. सुई खाली असताना बोलायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस, तो नियम मोडणार होय? तनया खाली बसली. तिची गिटार हंबरत होती. ड्रम जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखे पायरी-पायरीवर थांबत होते. तिने कळवळून बोट गोल फिरवलं, म्हणजे जोरात फिरव, जोरात. अवधूतांना वाटलं पोरगी ताल देतेय. तेही बोट फिरवायला लागले.

एकदाची सुई उचलली गेली. बद्रीनाथांनी चष्मा काढून पुसला.

"मी शब्द मागे घेतो," ते म्हणाले. "काय तो ठहराव! काय ती खोली! आजकालच्या मुलांना इतका धीर असतो? शरदराव, हे प्रोग्रेसिव्हच."

सगळे हात वर झाले. शरच्चंद्रांचे कान लाल झाले होते. त्यांनी किल्ली काढून कपाट उघडलं आणि सकाळपासून पहिल्यांदा लेकीकडे नीट बघितलं.

"बरं वाजवतेस," ते म्हणाले.

पुण्यात याहून मोठं कौतुक नाही. तनया गप्प बसली असती तर सगळं मिळालं होतं: कपाट, मंडळ, बाप. पण जे वाजलं ते तिचं नव्हतंच.

"बाबा, ती पंचेचाळीसवर वाजवायची असते. कागदाखाली लिहिलंय."

कोणीतरी खोकलं. बद्रीनाथांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. शरच्चंद्रांनी गोल कागद उचलून लेबल वाचलं, मग चिकटपट्टी नखाने सोलली, बटण सरकवलं आणि सुई पुन्हा टेकवली.

गिटार खुलली. ड्रम पळायला लागले, सूर चढत गेला, चढतच गेला, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. तनयाची आई हेमाताई हातातला झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सुई उचलेपर्यंत त्यांनीही तोंड उघडलं नाही, इतका त्या घरात नियमाचा धाक.

"हे किती छान आहे गं," त्या म्हणाल्या. "मग मघाशी कोण गेलं होतं?"

"मी मागे घेतलेले शब्द परत घेतो," बद्रीनाथ म्हणाले. "हा पोस्ट-रॉकच. कपाटात नाही जाणार."

या वेळी रेकॉर्डच्या बाजूने अवधूतांचा एकट्याचा हात वर आला. सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. तनया जमिनीकडे बघत होती.

"मान्य," शरच्चंद्र म्हणाले. "कपाटात जाणार नाही. नियम म्हणजे नियम." त्यांनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सभा संपल्याचं जाहीर केलं. रेकॉर्ड प्लेअरवरच राहिली.

मग टेबलाच्या खणातून त्यांनी कोरी चिकटपट्टी काढली, त्याच सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ती बटणावर अंगठ्याने नीट दाबून बसवली. बद्रीनाथांनी पुढे वाकून वाचलं: 'पंचेचाळीसवरून हलवू नये.'

"अहो, पण आमच्या रेकॉर्डी?"

शरच्चंद्रांनी ओठांवर बोट ठेवलं. सुई पुन्हा खाली टेकली होती.