फाटकापासून सिग्नलपर्यंत

"इथलं गवत नवं दिसतंय," म्हातारी म्हणाली.

मॉलाकीनं तोंडाशी नेलेला कप मध्येच थांबवला. सकाळपासून प्रदर्शनातली शंभरेक माणसं त्याच्या टेबलापाशी येऊन गेली होती. आयर्लंडमधल्या किल्बार्न स्टेशनची चौदा फूट लांबीची प्रतिकृती त्यानं मांडली होती, बंद पडण्यापूर्वी स्टेशन जसं होतं तशी. कुणी डब्यांचा हिरवा रंग पारखला, कुणी इंजिनाचे खिळे मोजले. गवताकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि काठी टेकत आलेली, ऐंशी केव्हाच ओलांडलेली ही निळ्या कोटातली बाई मालगोदामाशेजारच्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवून उभी होती. बोलण्यात इथलाच हेल होता, वर इंग्लंडची पुटं चढलेली.

"बाई, गवताचं जाऊ द्या," पलीकडच्या टेबलावरून यूजीन म्हणाला. "रुळांबद्दल तेवढं विचारू नका. नाहीतर रात्रीचं जेवण इथंच."

हॉलमधली चार माणसं हसली. हसण्यासारखंच होतं ते. आयर्लंडचे रूळ इंग्लंडच्या रुळांहून साडेसहा इंचांनी जास्त रुंद. प्रतिकृतींसाठी बाजारात तयार मिळतात ते मात्र इंग्लंडच्या मापाचे. बहुतेक छांदिष्ट तेच आणतात आणि डोळेझाक करतात. मॉलाकीनं सात वर्षं घालवून एकेक स्लीपर हातानं कापला होता आणि खऱ्या मापाचा रूळ बसवला होता. तयार रूळ वापरले म्हणून यूजीनशी त्यानं एकदा सहा महिने अबोला धरला होता. असा हा अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणारा माणूस.

पण गवत नवंच होतं. म्हातारीची नजर तिथं गेलीच कशी, हे त्याला कळेना.

"काय होतं तिथं?" तिनं विचारलं.

"काही नाही. मोकळी जागा."

"मोकळी नव्हती. गोदामाची भिंत होती, डांबर फासलेली. पाऊस आला की कोंबड्या तिच्या आडोशाला यायच्या."

मॉलाकीनं कप खाली ठेवला. किल्बार्नचं मालगोदाम पाहिलेलं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं. लाइन बंद पडली तेव्हा गावकऱ्यांनी त्याचे दगड गोठ्यांसाठी उचलून नेले. छायाचित्र एकही उरलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानंच काट्याकुट्यांत शिरून पाया शोधला, टेप लावला आणि आलेल्या मापाबरहुकूम गोदाम चिकटवलं. मग सवयीप्रमाणे टेबलाला गाल टेकवून एकेका दारातून काय दिसतं ते पाहिलं. सिग्नल पाहून रस्त्याचं फाटक लावणाऱ्या फाटकवालीच्या घराच्या दारातून तो सिग्नलच दिसेना. मध्ये गोदाम येत होतं.

आणि सिग्नल तर दिसायला हवा होता. सत्तेचाळीस साली गुरांच्या बाजाराच्या दिवशी वेळापत्रकात नसलेली एक गाडी आली. फाटक रस्त्याला उघडं होतं आणि दुधाची घोडागाडी रुळांवर होती. घोडा जागीच मेला, हाकणाऱ्याचा पाय गेला. चौकशीत फाटकवाली म्हणाली, माझ्या दारातून सिग्नल दिसतच नाही. स्टेशनमास्तर म्हणाले, लख्ख दिसतो. मास्तरांचा शब्द मोठा ठरला. फाटकवालीची नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं आणि आठवड्याभरात ती लेकरांना घेऊन बोटीनं इंग्लंडला गेली. ते स्टेशनमास्तर म्हणजे मॉलाकीचे आजोबा. त्यांच्या मांडीवर बसूनच त्याला रेल्वेचं वेड लागलं होतं.

"पहिल्यांदा मी तिथंच चिकटवलं होतं," तो हळूच म्हणाला. "मग दोन बोटं सरकवलं."

"का रे?"

"माप चुकलं होतं."

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

"आणि तिन्ही वेळा एकच चूक झाली, पोरा?"

सत्तर वर्षांच्या पोरानं गोदामाकडे पाहिलं. हा प्रश्न मॉलाकीला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

त्यानं खिशातून पातं काढलं.

"अरे, प्रदर्शन चालू आहे लेका!" यूजीन ओरडला.

मॉलाकीनं गोदामाच्या बुडाशी पातं फिरवलं. कट्कन आवाज झाला आणि गोदाम सुटलं. मग तो गवत खरवडू लागला. खाली जुन्या डिंकाचा पिवळा चौकोन निघाला. त्यावर गोदाम ठेवलं तर ते कोपऱ्याला कोपरा लागून बसलं. त्याला आजोबांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण आजोबांनी एकदाच खोटं सांगितलं होतं, आणि यानं त्यावर गवत लावून वर दोन वर्षं लोकांकडून शाबासकी घेतली होती.

"बघा," तो म्हणाला.

म्हातारीनं काठी त्याच्या हातात दिली. ती टेबलाला धरून वाकली. फाटकाशेजारच्या घराच्या दारात मॉलाकीनं नखाएवढी, एप्रन बांधलेली एक बाई उभी केली होती. तिच्या डोक्याशी डोळा नेऊन म्हातारी स्टेशनाकडे पाहत राहिली. मग सावकाश उभी राहिली आणि तिनं डोळे पुसले.

"आता बरोबर झालं," ती म्हणाली. "आता माझ्या आईला सिग्नल दिसत नाही."